औंधच्या ग्रामराज्यातून परराष्ट्र सेवेत : अप्पासाहेब पंत यांची कारकीर्द

सन १९४८ च्या ऑगस्ट महिन्यात नैरोबी येथे भारत सरकारचे पहिले आयुक्त म्हणून जे गृहस्थ रुजू झाले, त्यांच्या वयाला तेव्हा ३६ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. परराष्ट्र व्यवहाराचा पूर्वानुभव त्यांना मुळीच नव्हता. अनुभव होता तो ७२ गावांच्या एका लहानशा संस्थानात ग्रामपंचायती उभ्या करण्याचा, कज्जेदलाली मिटविण्याचा, दुष्काळी भागातील रयतेशी रोज बोलण्याचा. हे गृहस्थ म्हणजे औंधचे अधिपती श्रीमंत भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत. पुढील २७ वर्षांत त्यांनी पूर्व आफ्रिका, सिक्कीम, इंडोनेशिया, नॉर्वे, इजिप्त, ब्रिटन आणि इटली या ठिकाणी भारताचे प्रतिनिधित्व केले आणि या काळातील आपले अनुभव अनेक ग्रंथांत नमूद करून ठेवले. महाराष्ट्रात त्यांचे नाव सूर्यनमस्काराच्या संदर्भात अधूनमधून निघते. मुत्सद्दी आणि लेखक म्हणून मात्र ते फारसे परिचित नाहीत.

त्यांच्या कारकिर्दीकडे वळण्यापूर्वी त्या काळातील परराष्ट्र सेवेची स्थिती लक्षात घेणे जरूर आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानचे परराष्ट्र संबंध मुख्यतः लंडनच्या तंत्राने चालत. भारतीय परराष्ट्र सेवा स्थापन करण्याचा निर्णय झाला तो ऑक्टोबर १९४६ मध्ये. स्वातंत्र्य मिळताच एकदम अनेक देशांत वकिलाती उघडाव्या लागल्या आणि तेवढे प्रशिक्षित अधिकारी तर हाताशी नव्हते. साहजिकच सनदी नोकरांबरोबर विद्वान, स्वातंत्र्यलढ्यातील कार्यकर्ते आणि संस्थानांतील अनुभवी मंडळी यांनाही पाचारण करण्यात आले. डॉ. राधाकृष्णन मॉस्कोला गेले, सरदार पणिक्कर चीनमध्ये गेले, श्रीमती विजयालक्ष्मी पंडित प्रथम मॉस्को व नंतर वॉशिंग्टन येथे गेल्या. अप्पासाहेबांची निवड याच प्रवाहातली.

राजदूत, उच्चायुक्त व आयुक्त ही पदेही पुष्कळदा एकच समजली जातात. दोन सार्वभौम राष्ट्रे परस्परांकडे पाठवितात तो राजदूत. राष्ट्रकुलातील देश एकमेकांकडे जो प्रतिनिधी पाठवितात त्याला उच्चायुक्त म्हणण्याचा प्रघात आहे. दर्जाने तो राजदूताच्या बरोबरीचाच. परंतु केनिया, युगांडा, टांगानिका हे प्रदेश १९४८ साली ब्रिटिशांच्या अमलाखाली होते. तेथे राजदूत पाठविणे शक्य नव्हते, म्हणून केवळ 'आयुक्त'. त्याला मान्यता द्यावयाची ती गोऱ्या गव्हर्नरने आणि ती काढून घेण्याचे सामर्थ्यही त्याच्याच हाती. अप्पासाहेबांच्या नैरोबीतील सहा वर्षांत जो पेच वारंवार उद्भवला त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

औंधची शिदोरी

औंध संस्थान नकाशावर सलग दिसत नसे. औंध हे राजधानीचे गाव आजच्या सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यात, कुंडल व आटपाडी हे भाग आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळचा मुलूख विजापूरकडे. पाऊस बेताचा, जमीन हलकी, उत्पन्न तुटपुंजे. तरीही या संस्थानाने कर्तृत्वाला आसरा दिला. लक्ष्मणराव किर्लोस्करांना १९१० साली कुंडल रोडनजीक माळरानावर जमीन मिळाली ती औंधकरांकडून आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. पंडित सातवळेकरांचे वेदाध्ययन आणि ग्रंथप्रकाशन दीर्घकाळ औंधातच चालले. बाळासाहेब स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. सूर्यनमस्काराचा त्यांनी केलेला प्रसार तर सर्वश्रुत आहे.

अप्पासाहेबांचा जन्म ११ सप्टेंबर १९१२ चा. मुंबई विद्यापीठातील शिक्षणानंतर ते ऑक्सफर्डला गेले, बॅरिस्टर झाले आणि १९३७ साली परतले. विलायतेहून आलेल्या संस्थानिकाच्या मुलापुढे तेव्हा दोनच वाटा असत : दिवाणगिरी अथवा शिकार. अप्पासाहेबांना तिसरी वाट सापडली ती मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्यामुळे. फ्रीडमन बंगळूरच्या सरकारी विद्युत कारखान्यात अधिकारी होते; पुढे ते भारतानंद या नावाने वावरू लागले. गांधीविचाराने भारलेला हा परदेशी गृहस्थ औंधात आला आणि राजाने राज्य प्रजेच्या स्वाधीन करावे ही कल्पना मूळ धरू लागली. बाळासाहेबांनी वयाच्या सत्तरीत ती मान्य केली. महात्मा गांधींच्या सल्ल्याने राज्यघटनेचा मसुदा तयार झाला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती अमलात आली.

या घटनेचा पाया गाव हा होता. प्रत्येक गावाने आपली पंचायत निवडावयाची, पंचायतींच्या प्रमुखांनी तालुक्याची समिती बनवावयाची आणि तालुक्यांतून संस्थानच्या विधिमंडळात प्रतिनिधी जावयाचे. न्यायदानाचे काही अधिकारही गावाकडे आले. मतदाराला लिहितावाचता आले पाहिजे, असा गांधीजींचा आग्रह होता. १९५० च्या भारतीय संविधानाने ही अट स्वीकारली नाही आणि ते योग्यच झाले. तथापि औंधात या अटीमुळे प्रौढ साक्षरतेला जोर चढला, हेही खरे. जिल्हा परिषदा महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आल्या आणि पंचायतींना संविधानाचे अधिष्ठान मिळाले ते १९९३ मध्ये. त्यांच्या किती आधी माणदेशासारख्या दुष्काळी टापूत हा प्रयोग झाला, याची दखल पंचायत राज्याच्या इतिहासात अभावानेच घेतली जाते.

याच प्रयोगाचे एक अंग म्हणजे आटपाडीजवळची स्वतंत्रपूर ही बंदिवानांची खुली वसाहत. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या कैद्यांना भिंतीवाचून, बेड्यांवाचून शेतीवर ठेवावयाचे, त्यांच्या बायकामुलांना सोबत राहू द्यावयाचे, ही त्यामागील कल्पना. कुंडलसारखी औंधची गावे १९४२ नंतर प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांचा आधार ठरली. स्वतंत्रपूरची कथा पुढे व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या १९५७ च्या चित्रपटाच्या रूपाने देशभर पोहोचली. तिचे लेखक ग. दि. माडगूळकर हे औंध संस्थानच्याच मुलखातले होते, हा काही केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्यानंतर पाच महिन्यांतच अप्पासाहेब नैरोबीत होते.

नैरोबी : कोणाचे प्रतिनिधी?

केनियाची त्या वेळची समाजरचना तीन मजली होती. १९४८ च्या शिरगणतीनुसार आफ्रिकी लोकसंख्या सुमारे साडेबावन्न लाख, गोवेकरांसह आशियाई सुमारे ९८ हजार आणि युरोपीय ३० हजारांच्या आत. उत्तम हवामानाचा, सुपीक जमिनीचा उंचावरील प्रदेश युरोपियनांसाठी राखून ठेवलेला. तेथे भारतीयांना शेतजमीन घेण्यास मज्जाव. आफ्रिकी माणूस आपल्याच देशात राखीव टापूत कोंडलेला आणि कामासाठी बाहेर पडताना 'किपांडे' नावाचा परवाना जवळ बाळगण्याची त्याला सक्ती. मधल्या मजल्यावर भारतीय. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत लोहमार्ग बांधण्यासाठी सुमारे ३२ हजार मजूर हिंदुस्थानातून नेण्यात आले होते. त्यांतील काही तेथेच राहिले. त्यांच्यामागोमाग गुजराती, कच्छी व पंजाबी मंडळी व्यापारासाठी आणि कारागिरीसाठी गेली. सरकारी कचेऱ्यांत कारकून म्हणून गोव्याचे लोक मोठ्या प्रमाणावर होते. गोवा तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली असल्याने त्यातील बहुतेक कायद्याने पोर्तुगीज प्रजाजन. म्हणजे भाषेने, चालीरीतींनी आपले, पण भारताच्या आयुक्ताच्या दप्तरात ज्यांची नोंद नाही, असे हे लोक.

परदेशस्थ प्रतिनिधीचे पहिले कर्तव्य आपल्या देशबांधवांच्या हिताचे रक्षण करणे, हे असे कोणीही म्हणेल. नैरोबीतील भारतीय व्यापाऱ्यांचीही नव्या आयुक्ताकडून तीच अपेक्षा होती. व्यापाराचे परवाने, नव्याने येणाऱ्यांवरील निर्बंध, विधिमंडळातील जागा हे त्यांचे प्रश्न होते आणि ते खोटे नव्हते. परंतु पंडित नेहरूंनी घालून दिलेले धोरण वेगळे होते. आफ्रिकेत आफ्रिकी लोकांचे हित प्रथम. भारतीयांनी त्यांच्या उत्कर्षात सहभागी होऊन राहावे, त्यांच्या डोक्यावर बसून विशेष हक्क मागू नयेत. दिल्लीत बसून असे धोरण सांगणे सोपे. दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या माणसाला ते पटवून देण्याचे काम आयुक्ताचे होते.

अप्पासाहेबांनी ते आपल्या पद्धतीने केले. आयुक्तांच्या निवासस्थानी आफ्रिकी पाहुणे येऊ लागले, एकाच मेजावर जेवू लागले. आज या गोष्टीत काही विशेष वाटणार नाही. त्या काळच्या नैरोबीत, जेथे उपाहारगृहे, शाळा, रुग्णालये, इतकेच काय शौचालयेही वर्णांनुसार वेगळी होती, तेथे ती खळबळजनक ठरली. किकुयू समाजातील जोमो केन्याटा, म्बियु कोइनांगे आदी पुढाऱ्यांशी त्यांचा घनिष्ठ स्नेह जुळला. ते आफ्रिकी वस्त्यांतून हिंडत. भारत सरकारच्या शिष्यवृत्त्या आफ्रिकी विद्यार्थ्यांना मिळाव्यात यासाठी त्यांनी खटपट केली आणि पूर्व आफ्रिकेतील तरुण भारतातील महाविद्यालयांत शिकू लागले. औंधातील पंचायतींच्या अनुभवाचा उल्लेख ते आफ्रिकी मित्रांशी बोलताना करीत.

दुसरे एक काम अधिक टिकाऊ ठरले. गांधीजींच्या निधनानंतर पूर्व आफ्रिकेतील भारतीयांनी त्यांच्या स्मारकासाठी निधी जमविण्यास प्रारंभ केला. स्मारक म्हणजे एखादा पुतळा किंवा केवळ भारतीयांसाठी एखादी संस्था, अशी सर्वसाधारण कल्पना. अप्पासाहेबांनी आग्रह धरला तो सर्व वर्णांच्या विद्यार्थ्यांसाठी उच्च शिक्षणाच्या संस्थेचा. गांधी स्मारक अकादमीची ही योजना १९५४ मध्ये नैरोबीच्या रॉयल टेक्निकल कॉलेजात समाविष्ट झाली आणि त्या महाविद्यालयाचेच रूपांतर कालांतराने होऊन १९७० मध्ये नैरोबी विद्यापीठ झाले. भारतीय दुकानदारांनी दिलेल्या वर्गणीतून केनियाच्या पहिल्या विद्यापीठाच्या पायात काही दगड बसले, असे म्हणण्यास हरकत नाही.

हे सर्व गोऱ्या वसाहतवाल्यांना रुचणे शक्यच नव्हते. वसाहत सरकारच्या पत्रव्यवहारात भारतीय आयुक्तांविषयीच्या तक्रारी वाढत गेल्या. २० ऑक्टोबर १९५२ रोजी केनियात आणीबाणी पुकारण्यात आली आणि केन्याटांसह अनेक पुढाऱ्यांना अटक झाली. माऊ माऊ उठावाचे सूत्रधार म्हणून केन्याटांवर कापेन्गुरिया येथे खटला चालला. डी. एन. प्रिट या ब्रिटिश विधिज्ञाच्या नेतृत्वाखाली बचावासाठी जे वकील उभे राहिले, त्यांत दिवाण चमनलाल हे भारतातून गेलेले होते आणि नैरोबीतील भारतीय वकीलही होते. आयुक्ताला अर्थातच कोर्टात उभे राहता येत नव्हते. पण त्यांची सहानुभूती कोठे आहे, हे कोणापासूनही लपलेले नव्हते.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो आणि तो टाळून चालणार नाही. प्रतिनिधीला मान्यता देते ते सरकार. त्या सरकारविरुद्ध झगडणाऱ्यांशी त्याने उघड मैत्री करावी काय? शिष्टाचाराच्या पुस्तकात याचे उत्तर नकारार्थी आहे आणि ब्रिटिशांचे म्हणणेही त्यावरच आधारलेले होते. अप्पासाहेबांच्या बाजूने असे म्हणता येईल की, ज्या प्रदेशात सरकार लोकांचे नसते तेथे लोकांशी संबंध ठेवणे म्हणजे उद्याच्या सरकारशी संबंध ठेवणे. ते बंडखोरीला चिथावणी देत होते, हा आरोप मात्र त्यांच्या एकंदर स्वभावाशी आणि गांधीनिष्ठेशी जुळत नाही. ते काहीही असो, किंमत त्यांना द्यावी लागली. ब्रिटिशांचा दबाव वाढत गेल्यावर १९५४ मध्ये भारत सरकारने त्यांना नैरोबीहून माघारी बोलाविले. त्याच वर्षी त्यांना पद्मश्री देण्यात आली. नेहरूंनी ब्रिटिशांना दिलेले हे उत्तर होते किंवा कसे, हे ज्याने त्याने ठरवावे.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला आणि ज्या केन्याटांशी मैत्री हा अप्पासाहेबांचा अपराध मानला गेला होता, तेच त्या देशाचे प्रमुख झाले.

गंगटोक : घाटमाथ्यावरचे दप्तर

१९५५ ते १९६१ ही वर्षे त्यांनी गंगटोक येथे पोलिटिकल ऑफिसर म्हणून काढली. हे पदनाम ब्रिटिशांकडून वारशाने आलेले. सिक्कीम हे तेव्हा भारताचे संरक्षित राज्य होते. भूतानशी असलेले संबंध १९४९ च्या तहानुसार चालत आणि तेही गंगटोकमार्फतच. याशिवाय ल्हासा येथील भारतीय वाणिज्य दूतावास आणि तिबेटातील यातुंग, ग्यान्त्से येथील व्यापारी ठाणी यांच्यावरील देखरेख याच अधिकाऱ्याकडे. औंधपेक्षा हा मुलूख अर्थातच अफाट होता. पण घोड्यावरून वा पायी गावोगाव जाण्याची सवय येथेही उपयोगी पडली.

१९५६ च्या नोव्हेंबरात बुद्ध जयंतीच्या अडीच हजाराव्या वर्षाच्या निमित्ताने दलाई लामा नथु ला ओलांडून गंगटोकमार्गे भारतात आले. १९५७ मध्ये अप्पासाहेब स्वतः तिबेटात गेले. ल्हासाचा त्यांचा वृत्तान्त आजही अभ्यासकांना उपयोगी वाटतो, कारण चिनी अधिकारी आणि तिबेटी जनता यांच्यातील वाढते अंतर त्यांनी जागेवर पाहून टिपले होते. पंचशीलाच्या कराराला तेव्हा तीनच वर्षे झाली होती. पुढल्या वर्षी, सप्टेंबर १९५८ मध्ये, पंडित नेहरूंनी भूतानला भेट दिली. भारतातून भूतानला जाणारा मोटारीचा रस्ताच नसल्याने पंतप्रधानांना १४ हजार फुटांहून उंच असलेली नथु ला खिंड ओलांडून, तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून, घोड्यावर आणि याकवर बसून पारोपर्यंत जावे लागले. या प्रवासाची सिद्धता गंगटोकच्या कचेरीने केली होती. फुंत्शोलिंग ते थिंफू हा रस्ता तयार झाला तो १९६२ साली. एका पंतप्रधानाच्या पायपिटीतून रस्त्याची निकड पटली, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

मार्च १९५९ मध्ये ल्हासात उठाव झाला आणि दलाई लामा ३१ मार्च रोजी भारतीय हद्दीत आले. ते या वेळी सिक्कीमकडून न येता तवांगच्या बाजूने आले. मागोमाग हजारो निर्वासित आले. तिबेटी धर्म व संस्कृती यांविषयी अप्पासाहेबांना जी आस्था निर्माण झाली ती अखेरपर्यंत टिकली. त्यांच्या पुढील लेखनात तिचा ठसा जागोजाग उमटलेला आहे. चीनच्या हेतूंबाबत त्यांनी दिलेल्या इशाऱ्यांकडे वेळीच अधिक लक्ष दिले गेले असते तर, हा विचार मनात येतो खरा. परंतु इशारा देणारे अधिकारी आणि निर्णय घेणारे मंत्रिमंडळ यांच्यापुढील अडचणी सारख्या नसतात.

जकार्ता, ओस्लो, कैरो

इंडोनेशियातील नेमणूक (१९६१-६४) शांततेची ठरेल असे वाटत होते. प्रत्यक्षात १९६२ च्या जकार्ता आशियाई क्रीडास्पर्धांनी ती उधळून लावली. यजमानांनी इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. स्पर्धांचे एक संस्थापक असलेले भारताचे गु. द. सोंधी यांनी त्यास आक्षेप घेतला आणि इंडोनेशियात भारताविरुद्ध संताप उसळला. ३ सप्टेंबर १९६२ रोजी जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला चढविला. दुसऱ्याच दिवशी भारताच्या फुटबॉल संघाने प्रेक्षकांच्या हुर्योत दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव करून सुवर्णपदक पटकाविले. क्रीडाप्रेमींना हा विजय पाठ आहे. त्या आठवड्यात राजदूताची काय अवस्था झाली असेल याचा विचार सहसा कोणी करीत नाही. बांडुंग परिषदेत सात वर्षांपूर्वी खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले हे दोन देश. पुढल्याच महिन्यात चीनने आक्रमण केले.

नॉर्वेतील दोन वर्षे तुलनेने निवांत गेली. १९६६ मध्ये ते संयुक्त अरब प्रजासत्ताकाच्या, म्हणजे इजिप्तच्या, राजधानीत राजदूत झाले आणि ५ जून १९६७ रोजी अरब-इस्राएल युद्ध पेटले तेव्हा कैरोतच होते. गाझा पट्टीत संयुक्त राष्ट्रांच्या दलात असलेले काही भारतीय जवान या युद्धात बळी पडले. सुवेझचा कालवा बंद झाला तो १९७५ पर्यंत. मुंबईहून युरोपला जाणाऱ्या मालवाहू जहाजांना इतकी वर्षे आफ्रिकेला वळसा घालून जावे लागत होते.

लंडन आणि जुन्या प्रश्नाची पुनर्भेट

सप्टेंबर १९६९ मध्ये अप्पासाहेब ब्रिटनमधील उच्चायुक्त झाले. ज्या साम्राज्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांना पंधरा वर्षांपूर्वी नकोसे ठरविले होते, त्याच्याच राजधानीत, इंडिया हाऊसमध्ये, ते भारताचे सर्वोच्च प्रतिनिधी म्हणून बसले. १९७१ चे बांगलादेश प्रकरण याच कारकिर्दीतले. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांचा लोंढा भारतावर कोसळला होता आणि पाश्चात्त्य राष्ट्रांना वस्तुस्थिती पटवून देणे हे वकिलातींचे मुख्य काम झाले होते. पंतप्रधान श्रीमती इंदिरा गांधी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरअखेर लंडनला येऊन गेल्या. पाकिस्तानने मुक्त केल्यावर शेख मुजीबुर रहमान ८ जानेवारी १९७२ रोजी प्रथम लंडनला उतरले आणि तेथून दिल्लीमार्गे १० जानेवारीस ढाक्याला पोहोचले.

परंतु लंडनमधील या तीन वर्षांतील सर्वांत बोचरी घटना वेगळीच होती. केनिया स्वतंत्र झाल्यावर तेथील बऱ्याच भारतीयांनी त्या देशाचे नागरिकत्व घेतले नाही; ब्रिटिश पारपत्र हाती ठेवणेच त्यांना सुरक्षित वाटले. ब्रिटनने १९६८ मध्ये कायदा करून या पारपत्रधारकांच्या प्रवेशावरच मर्यादा घातली. ४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाचा हुकूमशहा इदी अमीन याने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्याचा हुकूम दिला. पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यापार, घरे, गिरण्या, मळे मागे टाकून हजारो कुटुंबे बाहेर पडली. त्यातील बहुसंख्य ब्रिटनला आली, काही भारतात परतली.

ही तीच माणसे होती, ज्यांना १९४८ साली नैरोबीत नवा आयुक्त सांगत होता की, आफ्रिकी शेजाऱ्याशी बरोबरीचे नाते जोडा. त्यांनी तो सल्ला ऐकला असता तर हकालपट्टी टळली असती, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अमीनच्या क्रौर्याला कोणाच्या वागणुकीचे निमित्त लागत नव्हते. त्याने लाखो आफ्रिकी माणसांचेही हाल केले. शिवाय ज्या भारतीयांनी तो सल्ला मनापासून मानला, त्यांच्याही वाट्याला सुख आले असे नाही. मूळचे गोव्याचे पिओ गामा पिंटो यांनी केनियाच्या स्वातंत्र्यासाठी तुरुंगवास सोसला आणि स्वतंत्र केनियात २४ फेब्रुवारी १९६५ रोजी त्यांचा खून झाला. वडील गोवेकर आणि आई मसाई असलेले जोसेफ मुरुंबी हे मात्र १९६६ मध्ये केनियाचे उपराष्ट्राध्यक्ष झाले. अप्पासाहेबांचे धोरण बरोबर की चूक, याचा निवाडा अशा एकेका उदाहरणाने होणारा नाही.

ग्रंथलेखन

इटलीतील राजदूतपदावरून १९७५ मध्ये ते निवृत्त झाले. 'अ मोमेंट इन टाइम' हे आत्मकथनपर पुस्तक त्यापूर्वीच, १९७४ मध्ये, लंडनहून प्रसिद्ध झाले होते. त्याआधी १९७० मध्ये सूर्यनमस्कारावरील इंग्रजी पुस्तक आले. वडिलांचा व्यायामविषयक वारसा परदेशी वाचकापुढे मांडण्याचा तो प्रयत्न होता. 'अनडिप्लोमॅटिक इन्सिडेंट्स' (१९८७) मध्ये वकिलातींतील प्रसंग आहेत आणि 'अ‍ॅन अनयुज्वल राजा' (१९८९) हे औंधच्या प्रयोगाविषयीचे पुस्तक आहे.

सरदार पणिक्कर आणि के. पी. एस. मेनन यांच्याही आठवणी प्रसिद्ध आहेत. पणिक्करांची दृष्टी इतिहासकाराची, मेनन यांची भाषा घोटीव. अप्पासाहेबांचे लेखन त्यांच्याइतके बांधेसूद नाही. ते मध्येच साधनेविषयी, मनाच्या शांतीविषयी बोलू लागतात. राजकीय घडामोडींचा शोध घेणाऱ्या वाचकाला हे विषयांतर वाटते. तारीखवार तपशिलाकडे त्यांचा ओढा नाही. मात्र माणसे त्यांना दिसतात. गांधीजी, नेहरू, केन्याटा, नासर हे त्यांच्या पुस्तकांत पदाधिकारी म्हणून येत नाहीत, समोर बसून बोलणारी माणसे म्हणून येतात. सरकारी दप्तरात नोंदल्या न जाणाऱ्या गोष्टी, म्हणजे एखाद्या भेटीतील अवघडलेपण, एखाद्या नेत्याची बोलण्याची लकब, एखाद्या वस्तीत शिरताना वाटलेली शरम, या त्यांनी लिहून ठेवल्या. पूर्व आफ्रिकेचा इतिहास लिहिणाऱ्यांना ब्रिटिश वसाहत खात्याचे कागद एक बाजू सांगतात. दुसऱ्या बाजूसाठी या पुस्तकांकडे वळावे लागते. अर्थात स्वतःविषयी लिहिणाऱ्याचे प्रत्येक विधान पारखून घ्यावे लागते आणि अप्पासाहेबही त्याला अपवाद नाहीत.

१९९२ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची ही पुस्तके इंग्रजीत आहेत. औंध, आटपाडी, कुंडल या परिसरातील शाळांत स्थानिक इतिहासाचा तास घेणाऱ्या शिक्षकांनी निदान 'अ‍ॅन अनयुज्वल राजा' मधील ग्रामपंचायतींविषयीचा भाग मिळवून विद्यार्थ्यांना मराठीत समजावून द्यावा. ज्या गावांची नावे त्यात येतात, त्यातील काही मुले त्याच वर्गात बसलेली असतील.